भुलाबाईची गाणी : घरातली आणि बाहेरची

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पांढुर्ण्याच्या जाम नदीत पळसाचे झाड रोवतात, पांढुर्णा आणि सावरगाव समोरासमोर उभे राहतात आणि गोटमार सुरू होते. त्या दिवशी दूरदूरचे वार्ताहर आमच्याकडे येतात. त्यानंतर पंधरा दिवसांनी, भाद्रपदी पौर्णिमेला, घरोघरी भुलाबाई बसते. तेव्हा कुणी येत नाही. आमच्या ह्या मुलखाविषयी बाहेर जे छापून येते त्यात दगड पुष्कळ असतात, गाणी नसतात.

घरात मात्र ह्या गाण्यांविषयी बोलणे खूप होते, आणि ते बहुधा काळजीचे असते. बाहेरच्या वाऱ्यापासून आपली परंपरा वाचवली पाहिजे, असे सौंसरच्या प्रत्येक सभेत कुणी ना कुणी म्हणतोच. ‘बाहेरचा वारा’ म्हणजे काय, हे विचारले तर दोन उत्तरे मिळतात : हिंदी आणि गरबा. ही दोन्ही उत्तरे अपुरी आहेत, आणि तिसरे, ज्याचे नाव कुणी घेत नाही, ते अधिक महत्त्वाचे आहे, असे मला वाटते.

गरब्याचे आधी उरकून टाकू. भुलाबाईचा महिना भाद्रपदी पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंतचा. नवरात्र नेमके त्याच्या पोटात येते. त्यामुळे पोरींना एकाच वेळी दोन ठिकाणी बोलावणे. पण गरबा हेही मुळात गुजरातेतल्या बायकांनी दिव्याच्या घटाभोवती फेर धरून म्हणायचे गाणेच आहे. आपल्याकडे आला तो गरबा नव्हे, त्याचा भोंगा आला. त्यात गाणारे कुणी नाही, फक्त नाचणारे आहेत. भुलाबाईच्या गाण्यात नुसते ऐकणारे कुणी नसते. झगडा असलाच तर तो इथे आहे, गुजराती-मराठीचा नाही.

हिंदीचे प्रकरण इतके सोपे नाही. आमची नात हिंदी माध्यमाच्या शाळेत जाते. शिंक्यावरचे लोणी कुणी खाल्ले ह्याची चौकशी करणारे गाणे बहुतेक वाचकांच्या घरी म्हटले जात असेल. नातीला ते तोंडपाठ आहे. परवा तिने आजीला विचारले, ‘‘शिंक आल्यावर लोणी कसं पडते?’’ घरात हसू झाले. मला मात्र रात्री झोप लागेना. शब्द ओठांवर होता, वस्तू डोळ्यांसमोर नव्हती. शिंके घरातून जाऊन किती वर्षे झाली! तिला ‘छींका’ हा हिंदी शब्दही ठाऊक नव्हता. म्हणजे हिंदीने मराठी शब्द हिरावला असे म्हणायलाही जागा नाही. फ्रीज आला आणि दोन्ही भाषांतले शिंके एकाच दिवशी खाली उतरले.

हेच गाणे जरा नीट पाहावे. नणंद वहिनीवर चोरीचा आळ घेते, भावाच्या मांडीवर बसून चहाडी करते, भावाच्या हाती काठी देते आणि त्याच दमात वहिनीला घरची लक्ष्मी म्हणून मोकळी होते. मराठीत घरगुती क्रौर्य इतक्या थोड्या शब्दांत आणि इतक्या हसऱ्या चालीत क्वचितच आले असेल. गंमत अशी की काठी मारण्याचे क्रियापद ह्या गाण्यात चक्क हिंदी आहे, आणि ते पुण्याकडच्या भोंडल्याच्या पुस्तिकांतही तसेच छापलेले असते. सौंसरला हिंदी शिरली म्हणून रडणाऱ्यांनी ह्याचा विचार करावा. 1956 पूर्वीच्या मध्य प्रदेशात, म्हणजे नागपूर राजधानी असताना, हिंदी आणि मराठी ह्या दोन्ही राजभाषा होत्या. राज्ये बदलली, आम्ही जागच्या जागी राहिलो. तुकडोजी महाराजांनी खंजिरीवर दोन्ही भाषांत भजने म्हटली आणि आमच्या गावांनी ती एकाच बैठकीत म्हटली. त्यात कुणाला बाटल्यासारखे वाटले नाही.

आता तिसऱ्याकडे येतो. काही वर्षांपूर्वी एका मंडळाने भुलाबाईच्या गाण्यांची स्पर्धा ठेवली होती. हेतू चांगला होता, बक्षिसेही बरी होती. मुलींना पाठांतरासाठी एक पुस्तिका दिली होती; तीत बहुतेक गाणी भोंडल्याची, पश्चिम महाराष्ट्रातली, प्रमाण मराठीत नीटनेटकी केलेली. एका खेड्यातल्या मुलींनी आपल्या आजीकडून शिकलेले गाणे म्हटले. त्यात ‘मले’, ‘तुले’ होते. परीक्षकांनी गुण कापले. कारण दिले, अशुद्ध उच्चार. मी प्रेक्षकांत होतो आणि गप्प बसलो, हेही इथे नोंदवले पाहिजे.

ग्रिअर्सनच्या भाषा-पाहणीचा मराठीवरचा सातवा खंड 1905 साली निघाला. दक्षिण छिंदवाड्याची मराठी त्याने नागपुरी बोलीबरोबर घातली आहे. म्हणजे ज्याला आम्ही अशुद्ध म्हणून गुण कापले, त्याची एक बोली म्हणून नोंद होऊन शंभराहून अधिक वर्षे झाली. शिवाय प्रश्न नुसत्या अभिमानाचा नाही, रचनेचा आहे. ‘मले’चे ‘मला’ केले की मात्रा तेवढ्याच राहतात, पण ‘ले’वर संपणाऱ्या पुढच्या ओळीशी त्याचे जे यमक होते ते तुटते. मग ती ओळ ‘सुधारावी’ लागते, तिच्यामुळे पुढची. आणि चार वर्षांत आजीचे गाणे आजीलाच ओळखू येत नाही.

स्पर्धेला वेळेचे बंधनही होते, प्रत्येक गटाला चार मिनिटे. कारल्याच्या वेलाचे गाणे घ्या. सून माहेरी जायची परवानगी मागते. सासू म्हणते, आधी बी पेर. पेरले तर कोंब येऊ दे. मग वेल चढू दे, फूल येऊ दे, कारले लागू दे, भाजी करून वाढ, मग जा. कडवी किती घालायची हे म्हणणारीच्या हातात असते. ऐकणाऱ्याला कंटाळा यावा इतके ते लांबते, आणि तो कंटाळा हाच ह्या गाण्याचा अर्थ आहे. कारण सुनेचा हंगाम असाच गेला. चार मिनिटांत बी पेरून भाजी वाढली तर सासू प्रेमळ ठरते! आणि आमच्याकडे ह्या माहेराच्या वाटेला आणखी एक अर्थ आहे. सौंसर-पांढुर्ण्याच्या लेकी सावनेर, काटोल, नरखेड, वरूडला दिल्या जातात, तिकडच्या इकडे येतात. सासर एका राज्यात, माहेर दुसऱ्या. ह्या सोयरिकींबरोबर गाणी सीमा ओलांडत आली. एकेका गाण्याचे आमच्याकडे तीन-तीन पाठ आहेत ते त्यामुळे. पुस्तिकेत एकच पाठ असतो.

हा अनुभव आपल्या एकट्याचा नाही. भाषेच्या पायावर ओरिसा प्रांत 1936 साली झाला, पण सरायकेला-खरसावांचा ओडिया मुलूख 1948 मध्ये बिहारात गेला आणि आज तो झारखंडात आहे. तेही आपल्यासारखेच, रेषेच्या पलीकडचे. ओडिया मुली भाद्रपदातल्या रविवारी खुदुरुकुणीचे व्रत करतात आणि तअपोईची कथा ऐकतात. सात भाऊ व्यापाराला समुद्रापार जातात, मागे वहिन्या लाडक्या नणंदेला शेळ्या राखायला धाडतात आणि खायला कण्या देतात. त्या कण्यांचाच ती मंगलेला नैवेद्य दाखवते. व्रताच्या नावातला ‘खुद’ म्हणजे ह्या तांदळाच्या कण्या. आपल्या गाण्यात नणंद छळते, तिथे नणंद छळली जाते. पण ह्या कथेत मला मोलाचे वाटले ते वेगळेच. कण्यांच्या जागी पेढे ठेवले तर नैवेद्य होईल, कथा राहणार नाही. वस्तू आणि शब्द ह्यांचा तो सांधा ओडिया कथेत नैवेद्याच्या ताटातच बसवलेला आहे. आपले शिंके गाण्यात राहिले आणि घरातून गेले.

आमच्या पाठांची नोंद कुणी करायची हाही प्रश्नच आहे. सरोजिनी बाबर ह्यांच्या संपादनाखाली महाराष्ट्राच्या लोकसाहित्य समितीने मोठे काम केले. पण ती महाराष्ट्राची समिती, तिच्या कामाला राज्याची हद्द असणारच. इकडे मध्य प्रदेशातली लोकसाहित्याची चर्चा माळवी, निमाडी, बुंदेली, बघेली ह्यांच्याभोवती फिरते. 2023 मध्ये पांढुर्णा हा सौंसरसह वेगळा जिल्हा झाला. जिल्ह्याबरोबर कचेऱ्या येतील. पण ‘मले’चे गाणे ज्या आजीला येते ती कचेरीत जाणार नाही, तिच्याकडे वही घेऊन कुणाला तरी जावे लागेल, आणि जाणाऱ्याने हातातली पुस्तिका घरी ठेवून जावे. गाण्यातली काठीही लिहून घ्यावी, शोभत नाही म्हणून गाळू नये.

ह्या कोजागिरीला आमच्या अंगणात सात मुली होत्या. लोण्याचे गाणे आले तेव्हा नातीने शिंक्याच्या जागी ‘छींका’ घातला. आजीने तिला अर्थ सांगताना हा शब्दही सांगितला होता. मी तोंड उघडले, तर तिची आजी म्हणाली, ‘‘राहू द्या ना, सूर तर बसला.’’ मग खाऊ ओळखायची वेळ आली. डबा वाजवला तर आवाजच नाही. मुरमुरे नाहीत, दाणे नाहीत. बर्फी, पेढा, हलवा, खीर, सगळी नावे दोन्ही भाषांत घेऊन झाली. शेवटी हरल्याचे कबूल करून घेतल्यावर आजीने झाकण काढले. आंबिया बहाराच्या पहिल्या तोडीच्या संत्र्याच्या सोललेल्या फोडी होत्या.