‘स्मृतिचित्रें’ : इतिहासाचें एक साधन

लक्ष्मीबाई टिळक (१८६८–१९३६) यांचीं ‘स्मृतिचित्रें’ १९३४ पासून चार भागांत प्रसिद्ध झालीं. त्यांतील विनोद व भाषा यांविषयीं पुष्कळ लिहिलें गेलें आहे. येथें त्यांचा विचार केवळ साधन म्हणून कर्तव्य आहे.

नाशिकजवळील जलालपुरास ज्या घरांत बाई वाढल्या, तेथें सोंवळ्याचा अतिरेक होता. बाजारांतून आलेला जिन्नस धुतल्यावांचून घरांत येत नसे. वडिलांच्या या वेडाचें मूळ बाई १८५७ च्या धामधुमींत आईच्या वडिलांस झालेल्या फांशींत दाखवितात. ही हकीकत त्यांच्या जन्मापूर्वींची, अर्थात् ऐकीव आहे. सोंवळ्याचा जाच मात्र त्यांनीं स्वतः सोसलेला आहे. संशोधकानें एकीस कुटुंबांतील परंपरा व दुसऱ्यास प्रत्यक्ष साक्ष मानावें. दोहोंचें प्रामाण्य एका तोलाचें नव्हे.

पति नारायण वामन टिळक यांनीं १८९५ सालीं बाप्तिस्मा घेतला व लक्ष्मीबाईंनीं १९०० सालीं. नुसती सनावळी पाहणारास एवढेंच कळेल. मधल्या काळाचा क्रम बाई देतात तो असा : प्रथम पतीपासून दूर राहणें, मग त्यांच्याकडे येऊनहि स्वयंपाक व पाणी निराळें ठेवणें, आणि अखेर जाति ईश्वरानें केल्या कीं माणसांनीं, या विचारानें तेंहि बंधन सुटणें. म्हणजे आचार आधीं सुटला, दीक्षा मागून झाली. धर्मांतरास एका दिवसाची घटना समजणारे, मग ते स्तुति करणारे असोत कीं निंदा, येथें निरुत्तर होतात.

हें लेखन घडलेल्या गोष्टींनंतर तीस-पस्तीस वर्षांनीं, ख्रिस्ती झालेल्या बाईनें केलें आहे. तेव्हां पक्षपाताची शंका येणें साहजिक आहे. परंतु माहेरच्या माणसांचा जिव्हाळा व पतीचा तापटपणा त्यांनीं सारख्याच मोकळेपणानें सांगितला आहे. शेवटचा मजकूर मात्र त्यांच्या निधनानंतर पुत्र देवदत्त यांनीं पुरा केला. तेवढा अंश बाईंची साक्ष म्हणून उद्धृत करूं नये.

दप्तरांचे रुमाल सोडतांना सनदा व पत्रव्यवहार तेवढा जपून बायकांच्या हातचीं टिपणें किरकोळ म्हणून बाजूस सारण्याची चाल आहे. घराच्या उंबरठ्याआंत धर्म कसा पाळला गेला व कसा सुटला, हें अन्य कागद सांगत नाहींत. संग्राहकांनीं अशीं टिपणें यापुढें तरी टाकूं नयेत.