फळ्यासमोरची रिकामी जागा

दलित आत्मकथनांतून शाळा वजा केली तर मागे काय उरेल, असा प्रश्न मी दरवर्षी बी.ए.च्या शेवटच्या वर्षाच्या वर्गात विचारतो. मुले म्हणतात, भूक उरेल. खरे आहे. पण भुकेच्या खालोखाल या वाङ्मयात शाळाच पानोपानी आहे. दूर बसवलेला मुलगा आहे, वही नसलेला मुलगा आहे, हजेरीत आपले आडनाव आले की मान खाली घालणारा मुलगा आहे. आमच्या समीक्षेने या चित्रांतली वेदना मोजली, विद्रोह मोजला, भाषेची ताकद मोजली. एक गोष्ट मात्र तिच्या नजरेतून निसटली. या शाळांतला मास्तर जवळजवळ नेहमी दुसऱ्या जातीचा आहे. आणि शिकून मोठा झालेला दलित मुलगा स्वतः मास्तर होऊन फळ्यासमोर उभा राहतो, तेव्हा आत्मकथन बहुधा संपलेले असते. नेमणुकीचा कागद हाती पडला की पुस्तक मिटते. विद्यार्थी आम्ही लिहिला. शिक्षक लिहिला नाही.

हे निरीक्षण नुसते वाङ्मयीन असते तर त्यासाठी या त्रैमासिकाची पाने अडवली नसती. जे साहित्यात उभे राहत नाही, ते चळवळीच्या मागणीतही अर्धेमुर्धेच उतरते. ‘अनुशेष भरा’ ही घोषणा आपण गेली चाळीस-पन्नास वर्षे देत आलो. भरलेल्या जागेवरचा माणूस पुढे कुणाच्या आधाराने टिकतो, काय शिकवतो, कशाने मोडतो, हे आपण विचारत नाही. कारण ते आपण कधी वाचलेलेच नाही.

जोतीराव फुल्यांनी हा प्रश्न १८८२ साली हंटर आयोगापुढे ठेवला होता, आणि दोन्ही अंगांनी ठेवला होता. प्राथमिक शाळांतले शिक्षक बहुतेक ब्राह्मण आहेत, धार्मिक पूर्वग्रहांमुळे ते मुलांपासून अंग राखून राहतात. म्हणून शिक्षक शक्यतो कष्टकरी शेतकरी वर्गातून तयार करावेत, म्हणजे वेळ पडली तर नांगराची मूठ धरायला ते लाजणार नाहीत, अशी त्यांची मांडणी. एवढा भाग जयंतीच्या भाषणांतून नेहमी ऐकू येतो. पण त्याच निवेदनात शिक्षकाच्या पगाराचा हिशेब आहे, तो फारसा कुणी सांगत नाही. महिना किमान बारा रुपये, मोठ्या गावी पंधरा-वीस. शिवाय गावचे हिशेब तपासणे, दस्तनोंदणी, टपाल, मुद्रांकविक्री अशी कामे त्याच्याकडे द्यावीत, म्हणजे गावात त्याला वजन येईल. खालच्या थरातला माणूस नुसता नेमून भागत नाही, त्याच्या पायाखाली जमीन द्यावी लागते, हे जोतीरावांना कळले होते. आम्ही त्यांचे पहिले वाक्य घेतले आणि दुसरे सोडून दिले.

आता पुस्तके पाहू. ‘आठवणींचे पक्षी’ १९७९ सालचे. प्र. ई. सोनकांबळे स्वतः औरंगाबादेत प्राध्यापक होते, पण पुस्तकभर आपल्याला भेटतो तो पोरका, उपाशी मुलगा. ‘अक्करमाशी’ (१९८४) शाळेच्या सहलीने सुरू होते. महारांची मुले वेगळ्या झाडाखाली बसतात, इतरांचे उरलेले अन्न त्यांच्याकडे येते, आणि नंतर गुरुजी त्याच सहलीवर निबंध लिहायला सांगतात. या प्रसंगावर पुष्कळ लिहिले गेले आहे. मला त्यात निबंधाचा विषय देणारा गुरुजी महत्त्वाचा वाटतो. तो दुष्ट नाही. त्याने ते दुसरे झाड पाहिलेलेच नाही. फळ्यासमोर त्या दुसऱ्या झाडाखालून आलेला माणूस उभा असता, तर त्याने तोच विषय दिला असता का?

उर्मिला पवारांचे ‘आयदान’ (२००३) मला या बाबतीत वेगळे वाटते. त्यातले वडील शाळामास्तर आहेत. ते लवकर जातात, पण मुलांना शिकव हे पत्नीच्या कानी घालून जातात, आणि आई आयदाने विणून ते पुरे करते. म्हणजे एक दलित मास्तर मेल्यानंतरही घर शिकवतो आहे. त्याच मास्तरच्या मुलीला शाळेतले गुरुजी आवारातले शेण काढायला लावतात, मारतात. आणि आईच गुरुजींना गाठून जाब विचारते. मास्तरची मुलगी म्हणूनही तिला त्या शाळेत सवलत नाही. एकटा दलित शिक्षक आपले घर उभे करू शकतो, शाळा बदलू शकत नाही, असा अर्थ मी यातून घेतो. लेखिकेने तो उघड सांगितलेला नाही, न सांगितल्याने तो जास्त लागतो.

पण या विषयावरचा आपला मूळ ग्रंथ कोणता म्हणाल, तर कुमुद पावडे यांचा ‘अंतःस्फोट’, १९८१ सालचा. त्यातली संस्कृत शिक्षणाची हकीकत ही नेमणुकीची हकीकत आहे, आणि समीक्षेने ती बाईच्या जिद्दीची कथा म्हणून वाचली. नागपूरची एक महार मुलगी संस्कृतात एम.ए. होते. पदवी आहे, अर्ज आहेत, मुलाखती आहेत, नोकरी नाही. तिच्या तोंडी संस्कृत ऐकून मुलाखत घेणाऱ्यांना गंमत वाटते. मग आंतरजातीय विवाह होतो, सोमकुवरची पावडे होते, आणि नोकरी मिळते. नोकरी मिळाली ती पावडे या नावाला, सोमकुवर बाहेरच राहिली, ही सल लेखिकेने लपवलेली नाही. बढाई नाही, रडगाणे नाही. एका आडनावाचा बाजारभाव तेवढा मांडून ठेवला आहे. याच हकीकतीत तिला मनापासून संस्कृत शिकवणारे गोखले गुरुजीही आहेत, हे विसरता कामा नये. मिलिंद महाविद्यालय १९५० साली सुरू झाले तेव्हा त्याची धुरा म. भि. चिटणिसांनी वाहिली, तेही दलित नव्हते. तेव्हा दलित मुलाला दलितानेच शिकवावे असे माझे म्हणणे नाही. चांगला शिक्षक कुठल्याही जातीतून येतो. मग आमच्याच जातीतून तो का येऊ दिला जात नाही, एवढाच प्रश्न आहे.

येऊ न देण्याच्या रीती आता सुधारल्या आहेत. राज्याच्या आरक्षणात अनुसूचित जातींना १३ टक्के, कागदावर चोख. पण टक्का कशाचा काढायचा? महाविद्यालय हे एकक धरले तर जागा निघते. विषय हे एकक धरले की ती विरघळते. विद्यापीठ अनुदान आयोगाने ५ मार्च २०१८ च्या परिपत्रकाने विभागवार बिंदुनामावली लावली, तेव्हा तेरा बिंदूंच्या त्या यादीत अनुसूचित जातीचा बिंदू सातवा होता. ज्या विभागात दोनच शिक्षक आहेत तिथे सातवा कधी यायचा? देशभर आंदोलन झाले, २०१९ साली आधी अध्यादेश आणि मग कायदा करून केंद्रीय संस्थांपुरते हे दुरुस्त झाले. शाळांचे तर विचारूच नका. २०१० च्या सीईटीनंतर पुढची अभियोग्यता चाचणी झाली २०१७ च्या डिसेंबरात. मधल्या सात वर्षांत डी.एड. झालेली आमची मुले पुण्यात कुरिअर वाटायला गेली किंवा कोयता घेऊन कारखान्यावर. आणि हिशेब आमच्यातही आहे. मुक्ता साळवे या मांग मुलीचा निबंध १८५५ साली छापून आला; तिच्या समाजातले किती प्राध्यापक आज जिंतूर-सेलू-परभणीच्या पट्ट्यात दाखवता येतील, हे बौद्धांनी स्वतःला विचारावे. मी स्वतःला विचारले आहे, बोटेही पुरून उरली.

अमेरिकेतल्या काळ्यांशी आपण १९७२ साली नाव जोडले, त्यांच्या कविता वाचल्या, जनार्दन वाघमारे यांनी त्यांच्या साहित्यावर मराठीत ग्रंथ लिहिला. त्यांच्या शिक्षकांची कहाणी मात्र आपल्याकडे आली नाही. १९५४ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने वेगळ्या शाळा घटनाबाह्य ठरवल्या. काळी मुले गोऱ्यांच्या शाळेत गेली. काळ्यांच्या शाळा बंद झाल्या. आणि पुढच्या दहा-अकरा वर्षांत दक्षिणेकडच्या सतरा राज्यांत सुमारे ३८ हजार काळ्या शिक्षकांच्या नोकऱ्या गेल्या. बाकावर समता आली, टेबलामागे आली नाही. आजही तिथले लोक काळे शिक्षक शोधा, नेमा, सांभाळा म्हणून झगडत आहेत. त्यातला ‘सांभाळा’ हा शब्द आपल्या मागणीपत्रकांत सापडत नाही.

सांभाळणे म्हणजे काय, हे बाबासाहेबांच्या चरित्रातून सुरू होते. १९१८ साली ते सिडनहॅम महाविद्यालयात प्राध्यापक झाले, तेव्हा प्राध्यापकांच्या खोलीतल्या भांड्यातले पाणी त्यांनी पिण्याला काही सहकाऱ्यांनी हरकत घेतली. नेमणूक झाली होती, पाणी मिळाले नव्हते. आज पाण्याला कुणी हात धरत नाही, कूलर सर्वांचा आहे. आज कामाची वाटणी होते. शिष्यवृत्तीची समिती? ‘सर, तुमच्याकडेच राहू द्या.’ १४ एप्रिलचे भाषण? ‘तुमच्याशिवाय कोण करणार!’ महाडीबीटीचा अर्ज अडकला, जात पडताळणीचा कागद राहिला, स्वाधारचे पैसे आले नाहीत, परीक्षा शुल्काची मुदत संपली, बाप ऊसतोडीला गेला म्हणून सही नाही. प्रत्येक मुलगा-मुलगी त्या एकाच माणसाच्या दाराशी येते. तो हे करतो, करायलाच हवे. पण कार्यभाराच्या तक्त्यात या तासांना रकाना नाही, पदोन्नतीच्या गुणांत त्याला किंमत नाही, आणि वर्षअखेरीस त्याचे शोधनिबंध कमी भरले म्हणून शेरा तयार. ही नवी वेठ आहे. फरक एवढाच की ती आम्ही कौतुकाने स्वीकारली. शिक्षक संघटनांनी हे तास कार्यभारात मोजायला लावले पाहिजेत, आणि नव्याने लागलेल्या माणसाजवळ पहिली तीन-चार वर्षे जुन्याने उभे राहिले पाहिजे. जुने लोक काय करतात? कॉलनीत प्लॉट घेतात आणि पाटीवर नुसती आद्याक्षरे लिहितात. मी हे टीका म्हणून लिहितो, पण त्या कॉलनीतले भाडे मलाही परवडले असते तर काय केले असते, सांगता येत नाही.

मी जिंतूरला राहतो, शिकवायला एस.टी.ने जातो. तासिका तत्त्वावर हे सातवे वर्ष. आमच्या घराण्यात पदवी घेतलेला पहिला मीच. एका संस्थेच्या मुलाखतीत मला विषयावर दोन प्रश्न विचारले गेले आणि आडनावावर तीन. माझे आडनाव गावावरून पडलेले आहे. वडिलांनी शाळेत घालताना ते लावले, त्यातून जात कळत नाही. ‘मूळ आडनाव काय म्हणलात?’ समितीतल्या एकाने चष्मा पुसत विचारले. मी सांगितले. नंतर इमारत निधीचा आकडा बाहेर वऱ्हांड्यात एका तिसऱ्याच माणसाने सांगितला.

यंदा श्रावणात ‘अंतःस्फोट’ वर्गात घेतले. सोमकुवरची पावडे कशी झाली ते सांगत होतो. येलदरीकडच्या एका वस्तीवरून येणारी मुलगी शेवटच्या बाकावर बसते, वर्षभरात तोंड उघडत नाही. तिने हात वर केला.

‘सर, मग तुम्ही कोणत्या नावानं लागलात?’

वर्ग हसला, मग गप्प झाला. मी म्हणालो, ‘अजून लागलो नाही, बाई.’ आणि फळ्यावर दोन्ही आडनावे लिहिली, एकाखाली एक. तास संपल्याची घंटा झाली. पुढच्या तासाच्या सरांनी येऊन ती वाचली, माझ्याकडे पाहिले, आणि डस्टर उचलले.