बुरखा दिसतो, बाई दिसत नाही

सकाळी हुडकेश्वरहून नागपूर शहराकडे जाणाऱ्या बसमध्ये मुस्लिम स्त्री रोज भेटते. एकीच्या मांडीवर शिवून झालेल्या कपड्यांचे गाठोडे असते, दुसरी दवाखान्यात सफाईच्या कामाला निघालेली असते, तिसरी कॉलेजच्या वहीत डोके घालून बसलेली असते. कंडक्टरने सुटे पैसे दिले नाहीत तर ती अस्सल नागपुरी बोलीत त्याच्याशी भांडते. ही बाई आपल्या ओळखीची आहे. पण त्याच बसमध्ये शेजाऱ्याच्या हातातल्या वर्तमानपत्रात ती नसते. तिथे असतो एक काळा बुरखा, बहुधा पाठमोरा. बातमी तलाकची असो, दंगलीची असो वा निवडणुकीची, चित्र तेच.

हा दोष एखाद्या छायाचित्रकाराचा नाही. प्रस्थापित माध्यमांना मुस्लिम स्त्री दोनच रूपांत हवी असते. एक नवाबी, दुसरे केविलवाणे.

नवाबी रूप हिंदी चित्रपटाने घडवले. 'चौदहवीं का चाँद' (1960), 'मेरे मेहबूब' (1963), 'पाकीजा' (1972), 'उमराव जान' (1981) ही नावे आठवावीत. हवेली, चिलमन, शेरोशायरी आणि कोठा. आमच्या पिढीनेही हे चित्रपट डोळे भरून पाहिले, त्यातली गाणी गुणगुणली. पण या पडद्यावरच्या स्त्रीला पोट नव्हते, जात नव्हती, काम नव्हते. मोमिनपुऱ्यातल्या मागावर नवऱ्यासाठी कांड्या भरणारी, कामठीत बिड्या वळणारी स्त्री तिच्यात कुठे होती? बाबू हरदास यांनी ज्या बिडी कामगारांची संघटना बांधली, त्यांचा धंदा धर्म विचारत नव्हता. तंबाखूची धूळ सगळ्यांच्याच छातीत जात होती. 'गर्म हवा' (1973) हा आदरणीय अपवाद. त्यातले घर आग्र्याच्या जोडे बनवणाऱ्याचे आहे आणि त्यातल्या मुलीचे दुःख फाळणीच्या अर्थकारणातून येते. असे अपवाद फार नाहीत.

केविलवाणे रूप तलाकचे. 'निकाह' हा चित्रपट 1982 साली आला आणि गाजला. त्याच साली आपल्या जळगावात काय चालले होते? मुस्लिम स्त्रियांनी चित्रपटगृहात जाऊ नये अशी बंदी समाजातल्या पुढाऱ्यांनी घातली होती, आणि रझिया पटेल या तरुण कार्यकर्तीच्या पुढाकाराने तिच्याविरुद्ध आंदोलन उभे राहिले. मुस्लिम स्त्रीचे अश्रू विकून चित्रपटगृहे भरत होती. आणि तिने तिकीट काढायचे म्हटले तर तो संघर्ष होता! रझिया पटेल यांनी आपली वाटचाल 'चाहूल'मध्ये लिहून ठेवली आहे. 'निकाह'ची नायिका सर्वांना आठवते. जळगावची ती मुलगी किती जणांना आठवते?

असेच 1966 चे. 18 एप्रिलला हमीद दलवाईंच्या पुढाकाराने सात मुस्लिम स्त्रियांनी मुंबईत विधिमंडळावर मोर्चा नेला. तोंडी तलाक आणि बहुपत्नीत्व बंद करा, सर्वांना समान नागरी कायदा करा, ही मागणी होती. दलवाईंच्या धैर्याबद्दल पुष्कळ लिहिले गेले, ते योग्यच. पण त्या सात जणींची नावे सांगा म्हटले तर आपण सगळे गप्प बसतो.

शाहबानो प्रकरणात हा अन्याय पराकोटीला गेला. इंदूरच्या या 62 वर्षांच्या स्त्रीला वकील नवऱ्याने 1978 साली तलाक दिला. खालच्या न्यायालयाने महिना 25 रुपये पोटगी दिली, उच्च न्यायालयाने ती 179 रुपये 20 पैसे केली. 23 एप्रिल 1985 रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. मग जो गदारोळ झाला त्यात शरियत होती, राष्ट्रीय एकात्मता होती, मतपेटी होती. 179 रुपये 20 पैशांत म्हातारी काय खाणार हा प्रश्न मात्र नव्हता. कलम 125 हे कोणत्याही धर्मातल्या निराधार पत्नीचे कलम होते. टाकलेल्या बायका सर्व धर्मांत आहेत, आपल्या वस्त्यांतही आहेत. पण 1986 च्या कायद्याने मुस्लिम स्त्रीची वाट वेगळी केली, आणि हे कलम तिचेही आहे असे सर्वोच्च न्यायालयाला 2024 च्या जुलैत पुन्हा सांगावे लागले. मधल्या 39 वर्षांत माध्यमांनी तलाकवर किती रकाने भरले त्याची गणती नाही. एकाला तिला झाकायचे असते, दुसऱ्याला तिला वाचवायचे असते. तिला बोलू द्यावे असे दोघांनाही वाटत नाही.

आणि ती बोललीच तर? 2021 च्या जुलैत 'सुल्ली डील्स' आणि 2022 च्या जानेवारीत 'बुल्ली बाई' या नावांनी मुस्लिम स्त्रियांची छायाचित्रे मोबाईलवर 'लिलावा'ला काढली गेली. त्यांत पत्रकार होत्या, कार्यकर्त्या होत्या. मुकी, पाठमोरी स्त्री या समाजाला चालते. लेखणी हातात घेतलेली चालत नाही.

हे आपल्याला कुणी शिकवायला नको. 29 सप्टेंबर 2006 ला भंडारा जिल्ह्यातल्या खैरलांजीत भोतमांगे कुटुंबाची हत्या झाली, तेव्हा सुरुवातीच्या बातम्यांनी त्याला अनैतिक संबंधांचा रंग दिला होता. मारलेल्या बाईचे चारित्र्य आधी, तिची जात आणि तिची जमीन नंतर. बाबासाहेबांना 1920 साली 'मूकनायक' का काढावा लागला याचे उत्तर इथेच आहे. ज्यांच्या हाती वर्तमानपत्र नाही, त्यांचे चित्र दुसरेच काढतात.

म्हणूनच आपल्या लेखनाकडेही पाहिले पाहिजे. 'अक्करमाशी'त लेखकाला माया लावणारा मुस्लिम दादा आहे. तसे पुरुष आपल्या साहित्यात भेटतात. मुस्लिम स्त्री मात्र बहुधा ईदच्या शीरखुर्म्याची वाटी देऊन दाराआड जाते. तिलाही जात आहे हे आपण विसरतो. 1950 च्या आदेशाने अनुसूचित जातींच्या सवलती हिंदूंपुरत्या ठेवल्या. 1956 साली शीख आणि 1990 साली बौद्ध त्यात आले. मुस्लिम मेहतराची बायको तोच झाडू हातात घेऊन अजूनही बाहेर उभी आहे. तिच्या बुरख्यावर अग्रलेख निघतात, तिच्या झाडूवर निघत नाहीत.

आपण तिच्यावर दयेने कथा लिहावी, असे मी म्हणत नाही. दयेचे साहित्य आपल्यावर पुष्कळ लिहिले गेले. त्याची चव आपल्याला माहीत आहे. शिक्षकांनी वर्गातल्या शबाना-नसरीनला निबंधात स्वतःचे घर, स्वतःची बोली लिहायला सांगावे. कार्यकर्त्यांनी मोर्चात तिला पुढे उभे करून छायाचित्र काढण्याआधी बैठकीत तिचे म्हणणे ऐकावे. नियतकालिकांनी आपली पाने तिच्यासाठी मोकळी करावीत. ती आपल्यालाही चार कडू गोष्टी सुनावील, त्या तशाच छापाव्यात. हुडकेश्वरच्या बसमध्ये ती मोठ्याने बोलतेच आहे. ते कागदावर येत नाही, ही जबाबदारी कागद ज्यांच्या हातात आहे त्यांची, म्हणजे आता थोडी आपलीही.