बिनतारी जाळ्यावरील प्रवाही चलच्चित्र आणि गर्दी-नियंत्रण : एका गृहीतकाची चिकित्सा

ऑक्टोबर १९८६ मध्ये अमेरिकेतील लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळा व बर्कलीचे कॅलिफोर्निया विद्यापीठ यांच्यामधील संगणक-जोडणीचा वेग सेकंदाला ३२ किलोबिटवरून ४० बिटांवर घसरला. दोहोंमधील अंतर अवघे ४०० यार्ड. या अनुभवानंतर व्हॅन जेकबसन यांनी १९८८ मध्ये टीसीपीसाठी मांडलेल्या गर्दी-नियंत्रणाचे एक गृहीतक होते : पॅकेट खराब होऊन हरवणे अतिविरळ असते, सबब पॅकेट हरवले म्हणजे वाटेत गर्दी झाली असे समजावे व वेग उतरवावा. तारेच्या जाळ्यापुरते हे अनुमान रास्तच होते. बिनतारी माध्यमात मात्र क्षीण संदेश व परस्परव्यत्यय यांमुळेही पॅकेट हरवते.

फ्लॉइड, हँडली, पाध्ये व विडमर यांनी २००० मध्ये मांडलेली टीएफआरसी ही पद्धती या दृष्टीने तपासण्याजोगी आहे. हानी दिसताच टीसीपी वेग निम्मा करते. चलच्चित्राला असे धक्के मानवत नाहीत. टीएफआरसी अलीकडच्या आठ हानि-अंतरांची भारित सरासरी घेऊन वेग सावकाश बदलते. हा गुण निर्विवाद होय. परंतु हानी अल्प असता तिच्या सूत्रातील वेग हानिप्रमाणाच्या वर्गमुळाच्या व्यस्त प्रमाणात राहतो. हानी चौपट झाली की वेग निम्म्यावर येतो. मग ती राऊटरमधील रांग तुंबल्याने होवो वा मधल्या भिंतीमुळे. मार्ग मोकळा असूनही प्रवाह आखडतो. औषध सौम्य झाले, निदान तेच राहिले.

चेन व झकोर यांनी २००४ मध्ये यावर सुचविलेला उपाय चतुर आहे : एकाऐवजी अनेक टीएफआरसी जोडण्या उघडाव्यात व पॅकेटच्या फेरीस लागणारा वेळ वाढू लागताच त्यांची संख्या घटवावी. यासाठी राऊटर वा मनोरे यांत काहीच बदलावे लागत नाही, ही त्याची खरी जमेची बाजू. तथापि येथे हानीऐवजी विलंब गर्दीची साक्ष देऊ लागतो, आणि ही साक्षही निखळ नाही. बिनतारी दुवा हरवलेले पॅकेट स्वतःच पुन्हा पाठवतो तेव्हा गर्दी नसतानाही विलंब वाढतो. शिवाय थेट प्रक्षेपणात दाखविण्याची वेळ टळल्यावर पोहोचलेले पॅकेट हरवल्यातच जमा. अशा पॅकेटने बँडविड्थ वापरली जाते, प्रेक्षकाच्या पडद्यावरील चित्र मात्र थांबलेलेच असते.