कातरलेली वही

जपानच्या जुन्या दरबारी काव्याची हस्तलिखिते पाहणारा रसिक बहुधा अक्षरावरच लुब्ध होतो. क्योटोच्या निशी होंगान्जी मठातील छत्तीस कवींच्या संग्रहाची छायाचित्रे पाहताना माझीही तीच गत होते. सुमारे १११२ साली सिद्ध झालेल्या या वह्यांची कित्येक पाने रंगीत कागदाचे तुकडे जोडून केलेली आहेत; वर रुपेरी पक्षी, गवताची पाती, आणि त्यांतून झुळझुळत खाली येणारी अक्षरे! १५४९ साली सम्राट गो-नारा याने हा ठेवा मठाला दिला. पुढे तो विस्मरणात गेला आणि १८९६ साली पुन्हा उजेडात आला.

१९२९ साली त्यांतल्या दोन वह्यांची पाने सुटी करून विकण्यात आली. एक त्सुरायुकीची, दुसरी इसे या कवयित्रीची. हेतू काय, तर स्त्रियांच्या महाविद्यालयासाठी पैसा उभारणे! मुलींनी शिकावे म्हणून हजार वर्षांपूर्वीच्या एका विदुषीची वही कातरावी, हा योग मोठा विलक्षण खरा. हेतूला नावे ठेवण्याची माझी छाती नाही. पण चहाविधीच्या खोलीत टांगायला एकेक सुंदर पान हवे असणारे धनिक गिऱ्हाईक तयार होते, हेही विसरता येत नाही.

माझी तक्रार वाङ्मयाच्या बाजूने आहे. इसेची वही म्हणजे सुट्या कवितांची परडी नव्हे. तिच्या आरंभीच्या कविता गद्याच्या धाग्यात ओवलेल्या आहेत. राणीच्या सेवेतली एक तरुणी, तिला सोडून गेलेला उमराव, मग तिचे वडिलांकडे यामातो प्रांतात जाणे, पुढे सम्राटाची प्रीती. इथे प्रत्येक कविता आधीच्या प्रसंगाला दिलेले उत्तर असते. एकच पान भिंतीवर लावले की उत्तर उरते, प्रश्न हरवतो. डोळे तृप्त होतात. ती बाई मात्र भेटत नाही.

इतर प्रतींमुळे मजकूर बुडाला नाही, हे नशीब. परंतु बाराव्या शतकातल्या त्या लेखनिकाने ही कथा कशी मांडली, कोणत्या ओळीवर पान उलटायला लावले, हे सलग पाहायचे तर आज कितीतरी संग्रहालयांचे आणि खाजगी संग्राहकांचे उंबरठे झिजवावे लागतील.