‘झिंगाट’ : वरातीतले व चित्रपटातले

हरसूल येथे एका वरातीमागून चालण्याचा योग आम्हांस आला. बँडवाल्यांनी ‘झिंगाट’ सुरू करताच म्हातारेकोतारेही नाचू लागले. ज्या मुलखात तारप्याच्या सुरावर रात्र रात्र फेर धरावयाचा, तेथे या गीताने इतके सहज घर करावे, हा केवळ नवलाईचा महिमा काय? आम्हांस तसे वाटत नाही.

नागराज मंजुळे यांच्या ‘सैराट’ (२०१६) चित्रपटासाठी अजय व अतुल गोगावले या बंधूंनी हे गीत स्वरबद्ध केले व स्वतःच गायिले. याच चित्रपटाकरिता त्यांनी थेट लॉस एंजेलिस येथे सिंफनी वाद्यवृंद ध्वनिमुद्रित केला; परंतु ‘झिंगाट’ची मदार त्या वैभवावर नाही. ठेका घट्ट, चरण आखूड, आणि ध्रुपद असे की, एकदा ऐकणाऱ्यानेही दुसऱ्या खेपेस साथ द्यावी. तारप्याच्या फेराचे मर्म तरी याहून निराळे काय? तेथेही श्रोता कोणी नसतो, सारेच नाचणारे.

मात्र चित्रपटात हा आनंद क्षणाचा आहे. मासेमाराचा मुलगा व बड्या घरची मुलगी यांच्या प्रेमाचा शेवट जातीच्या अभिमानापायी रक्तात होतो. ‘धडक’ (२०१८) या हिंदी अवताराने चाल उचलली, पण जातीची धार बोथट केली. वराती तरी दुसरे काय करतात? लग्न ठरविताना जात पाहावयाची आणि मिरवणुकीत ‘झिंगाट’वर नाचावयाचे, ही विसंगती ज्यास बोचेल, त्यानेच हे गीत खरोखर ऐकले, असे आम्ही म्हणू.