पाहुणा की रहिवासी?

ध्रुवीय प्रदेशात बीजाणू बनवणारे जिवाणू सापडले, की 'एवढ्या थंडीतही जीव जगतो' असे वर्गात सांगितले जाते. हा निष्कर्ष घाईचा आहे. तो का, हे केसी ह्यूबर्ट व सहकाऱ्यांच्या 'सायन्स'मधील २००९ सालच्या शोधनिबंधावरून नीट समजते.

आर्क्टिकमधील स्वालबार्ड बेटांजवळ समुद्रतळाचा गाळ बारमाही शून्य अंशाच्या आसपास असतो. संशोधकांनी तो ८० अंश सेल्सिअसपर्यंत तापवला. अशा उष्णतेत साध्या पेशी मरतात, बीजाणू टिकतात. मग तो ५० अंशांवर ठेवला, तेव्हा उष्णताप्रिय जिवाणू वाढले. हे जिवाणू त्या थंड गाळात वाढू शकत नाहीत. अर्थात ते बाहेरून आलेले. दर चौरस मीटरवर वर्षाला दहा कोटींहून अधिक बीजाणू येऊन पडत असावेत, असा अंदाज निबंधात आहे.

तापमानालाच साक्षीदार करणे, ही या निबंधाची जमेची बाजू. मात्र समुद्रतळाखालचे तेलसाठे किंवा उष्ण कवच ही सुचवलेली उगमस्थाने अनुमानच राहतात. शिवाय ही कसोटी सर्वत्र चालत नाही. अंटार्क्टिकातील 'मैत्री' केंद्राच्या परिसरातील मातीत २५ अंशांवर वाढणारा बॅसिलस मिळाला, तर तो तिथला की वाऱ्याने आलेला? तो तिथल्या थंडीत बीजाणूतून बाहेर पडून वाढतो, हे दाखवल्याशिवाय उत्तर देता येणार नाही.

आपल्याकडचे उदाहरणही बोलके आहे. हैदराबादहून सोडलेल्या बलूनने वातावरणाच्या वरच्या थरांतून आणलेल्या नमुन्यांत जिवाणू मिळाले. डॉ. जयंत नारळीकर या प्रकल्पाशी निगडित होते. तपासणी हैदराबाद व पुणे येथे झाली. जिवाणू परग्रहावरूनच आले, असा ठाम दावा २००९ च्या घोषणेतही नव्हता. त्यातील एका 'नव्या' जातीला आर्यभटाचे नाव मिळाले. पण २०१९ साली ती मातीतल्या परिचित बॅसिलस मेगाटेरियमचीच ठरवण्यात आली.

विद्यार्थ्यांना हे नागपूरच्या मातीवरून सांगता येईल. मे महिन्यात भेगाळलेल्या काळ्या जमिनीत बीजाणू निपचित असतात आणि पावसानंतर त्यांतून पुन्हा वाढत्या पेशी होतात. एका पेशीतून एकच बीजाणू होतो. म्हणून हे प्रजनन नव्हे, तग धरणे आहे. येथे पाऊस येतो. स्वालबार्डच्या गाळात त्या पाहुण्यांना लागणारी ऊब येत नाही. बातमी वाचताना म्हणून एक प्रश्न जरूर विचारावा: जिवाणू सापडला, पण तो तिथे वाढताना कोणी पाहिला का?